मटारच्या दाण्याएवढे

दुसऱ्याच्या हौशीला हसणे हा मनुष्यस्वभावातील अगदी निरुपद्रवी दोष आहे, अशी माझी परवापरवापर्यंत समजूत होती. ही समजूत दूर करण्याचे श्रेय बोटभर लांबीच्या एका ट्यूबकडे जाते.

त्याचे असे झाले. हिला साठ वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी आमच्या मुलीने 'अ' जीवनसत्त्वाचे एक सौम्य क्रीम आईच्या हाती ठेवले. रात्री निजण्यापूर्वी चेहऱ्यास लावीत गेल्यास सुरकुत्या हळूहळू फिकट होतात, असे तिचे सांगणे. ही किंचित लाजून ट्यूबवरील अक्षरे वाचू लागली, तोच मी म्हणालो, "अगं, वयाला कुठे मलम लागू पडते का?" मंडळी हसली, हीही हसली. ट्यूब मात्र औषधांच्या डब्यामागे जाऊन पडली. हे बोलणारा गृहस्थ दर पंधरवड्यास रविवारी सकाळी न्हाणीघराचे दार लावून घेऊन केसांना कलप लावतो, याचा उच्चार त्या वेळी कोणीच केला नाही. एवढी सभ्यता माझ्या घरच्या माणसांत आहे.

पुढे एका मुंजीतील छायाचित्र घरी आले. केस चाळिशीचे आणि चेहरा सत्तरीचा असा एक गृहस्थ त्यात बटूच्या मागे उभा होता. त्याच रात्री, निजानीज झाल्यावर, मी ती ट्यूब शोधून काढली. थोड्याने थोडा गुण येत असेल, तर पुष्कळाने पुष्कळ यावयास हवा, या हिशेबाने थालीपिठावर लोणी फासावे तसे ते क्रीम मी सलग पाच रात्री फासले. सहाव्या दिवशी दाढी करताना गालांची आग झाली आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखी कातडी सुटू लागली.

चहाच्या वेळी हिने माझ्याकडे निरखून पाहिले. मग ती शांतपणे म्हणाली, "अहो, मटारच्या दाण्याएवढे लावायचे असते ते. तेही आरंभी आठवड्यातून दोनदाच."

खोक्यातील माहितीपत्रक तिला पाठ होते! न वापरलेल्या वस्तूचे माहितीपत्रक मनुष्य केव्हा पाठ करतो, हे माझ्या ध्यानी आले, आणि गालांपेक्षा निराळ्याच ठिकाणी आग होऊ लागली.

प्रायश्चित्त म्हणून म्हणा, मी त्या विषयाचे वाचन केले. लोण्यात व अंड्याच्या बलकात असलेल्या या जीवनसत्त्वाचा शोध 1913 साली अमेरिकेत लागला. त्यापासून होणारे ट्रेटिनॉइन नावाचे तीव्र आम्ल 1971 पासून तेथे मुरुमांवरील औषध म्हणून मान्य झाले. प्रौढ रोग्यांच्या सुरकुत्याही त्याने कमी होतात असे आढळून आले, तेव्हा 1988 साली मिशिगन विद्यापीठातील डॉक्टरांनी 30 जणांवर 16 आठवडे प्रयोग करून गुण पडताळून पाहिला. गुण आला, पण बहुतेकांची त्वचा लाल होऊन सोलली. आमच्या ट्यूबमधील रेटिनॉल हे त्याच कुळातले, परंतु स्वभावाने मवाळ; त्वचेत गेल्यावर दोन पायऱ्या चढून मगच ते त्या आम्लाचे रूप घेते. म्हणून ते सौम्य, आणि म्हणूनच त्याला महिनोन्महिन्यांचा धीर लागतो. गरोदर स्त्रीने मात्र ते लावू नये.

या वाचनात एक गोष्ट मला विशेष बोचली. चेहऱ्यावरील सुरकुत्यांना वयापेक्षा ऊनच अधिक कारण होते. उन्हातील अतिनील किरण त्वचेच्या आतील थरात शिरतात आणि तिला ताण देणारे कोलॅजनचे तंतू मोडतात. हे क्रीम ते तंतू पुन्हा जमविण्यास साह्य करते. खात्री करावयाची असेल, तर वाचकांनी आपल्या दंडाची आतील बाजू पाहावी. साठीतही ती नितळच आढळेल.

मी हिचा दंड पाहिला, आणि मग चेहरा. सत्तावीस वर्षे ही दुपारच्या शाळेत शिकवावयास जात असे, आणि वैशाखातही बसच्या थांब्यावर डोळे बारीक करून उभी राहत असे. माझी कचेरी घरापासून चार पावलांवर, खुर्ची पंख्याखाली. हिच्या डोळ्यांच्या कडेच्या रेषांत वयाचा वाटा थोडा, आणि या घराच्या कर्जाच्या हप्त्यांचा बराच आहे. त्यांना मी चारचौघांत हसलो होतो. तसे मी तिला सांगितलेही. "बरं बरं, चहा निवतोय," एवढेच ती म्हणाली.

आता ती ट्यूब आरशापाशी उघड्यावर असते. ठरल्या रात्री ही एक दाणा आपल्या बोटावर घेते आणि एक माझ्या बोटावर ठेवते. सकाळी बाहेर पडताना उन्हापासून जपणारे दुसरे क्रीम लावावयास विसरू देत नाही. चार महिने झाले. तिच्या रेषा किंचित निवळल्या आहेत असे मला वाटते. तिला तसे वाटत नाही, आणि या विषयात माझ्या मताला घरात वजन उरलेले नाही. माझ्या कपाळावर तर काहीच फरक नाही.

रविवारी सकाळी न्हाणीघराचे दार मात्र मी आता लावीत नाही. मानेमागे माझा हात पोचत नसे, तेथील कलप हल्ली हीच लावते.