साडेसहाचं कोर्ट

मंगळवार, रात्रीचे पावणेबारा. उद्या एमबीएच्या वर्गात ऑपरेशन्सची केस आहे, १८ पानांची. वाचून झालीत ७. तरी सकाळी साडेसहाला बॅडमिंटन कोर्टवर जाणार, हे आत्ताच लिहून ठेवते. म्हणजे पळवाट उरायला नको.

पुण्यात राहून बॅडमिंटन खेळायचं नाही, हा मला जरा कृतघ्नपणा वाटतो. एकोणिसाव्या शतकात इथल्या छावणीतले इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत आणि त्याला ‘पूना’च म्हणत. आमच्या चौकडीत अधिकारी कुणी नाही: एक दंतवैद्य, बँकेतून निवृत्त झालेले काका, बारावीतली एक मुलगी आणि मी. काकांना धावणं जमत नाही, पण नेटजवळ शटल असं अलगद सोडतात की आमची तारांबळ उडते. शटलच्या १६ पिसांपैकी एखादं मोडलं की उगाच माझ्याकडे बघतात.

पहिल्या सत्रात मी खेळ बंदच केला होता. एमबीएला नुकतीच ऑपॉर्च्युनिटी कॉस्ट शिकले होते ना! तासभर खेळ म्हणजे तासभर अभ्यास बुडाला, असा चोख हिशेब. वाचवलेला तास मी अंथरुणात फोन बघत घालवायचे, हे त्यात धरलंच नव्हतं. मार्कही वाढले नाहीत.

आईचा हिशेब मात्र अजून जुळलेला नाही. रविवारी फोनवर म्हणाली, “खेळायला वेळ असतो, साताऱ्याला यायला नसतो.” यावर मी काय बोलणार?

शनिवारची ग्रुप मीटिंग आज पुढे ढकलून घेतली. त्या दिवशी सकाळच्या एसटीने साताऱ्याला निघतेय. रॅकेट इथेच ठेवून.