अंगठा

सोलापूरहून पुण्याच्या रस्त्याला लागलं, की मोहोळच्या अलीकडे चिंचोळी एमआयडीसी लागते. तिथल्या एका टॉवेल कारखान्यात आम्ही तिघं कामाला होतो. दोघं सख्खे भाऊ आणि ढोलकीवर मामेभाऊ. दिवसपाळी करायची आणि रात्री गाडी धरायची. कधी गुलबर्ग्याला ख्वाजा बंदानवाजांचा उरूस, कधी मिरजेला मीरासाहेबांचा, नाहीतर एखाद्या गावच्या जत्रेत कव्वालीचा सामना. पहाटे परतायचं, तोंडावर पाणी मारायचं आणि पुन्हा पाळीवर. अम्मी म्हणायची, "सोते कब रे तुम लोगां?"

पुण्याकडचा कार्यक्रम असला, की इंदापूरच्या आसपास आमचे उस्ताद गप्प व्हायचे. बार्शीचे मेहबूब पटेल, म्हणजे शाहीर अमर शेख, 29 ऑगस्ट 1969 रोजी तिथंच जवळ अपघातात गेले. गाव मागं पडलं, की उस्तादांचं बोलणं पुन्हा सुरू.

1996 साली मुंबईच्या एका कंपनीनं आमची कॅसेट काढली. तीन दिवस गाऊन घेतलं, पंधराशे रुपये हातावर टेकवले आणि स्टॅम्पपेपरवर सह्या घेतल्या. मजकूर इंग्रजीत. ती कॅसेट याच रस्त्यावरच्या ढाब्यांत, ट्रकांत वर्षानुवर्षं वाजली. आमच्यासमोर वाजली. आम्हाला पुढं एक पैसा आला नाही.

चिडून आम्ही आपलीच कंपनी काढली. कंपनी म्हणजे काय, एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमागची दहा बाय दहाची खोली, दोन डबल डेक आणि कोऱ्या कॅसेटींची खोकी. गावाकडं भारनियमन, इथं त्या मानानं वीज टिकायची, म्हणून जागा इथं. दिवसा मशीनचा आवाज, म्हणून रेकॉर्डिंग रात्री. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना कारखान्यातले रिजेक्ट टॉवेल ठोकले होते. साठ मिनिटांची कॅसेट दुप्पट वेगानं उतरवली तरी अर्धा तास लागायचा. रात्रभर जागलं तर तीसेक कॅसेटी निघत. त्या ढाब्यावर, उरसात, कार्यक्रमाच्या स्टेजखाली आम्हीच विकायचो.

शेजारच्या गावात एक म्हातारे बाबा होते. मोहरमात करबलची गाणी मराठीतून म्हणायचे. ऐकायला सगळं गाव, हिंदू-मुसलमान असा काही हिशोब नाही. बोलताना आवाज जात्यासारखा खरखरायचा, आणि वरच्या सुरात गेला की मोकळा, स्वच्छ. त्यांना आम्ही एका रात्री खोलीवर आणलं. चहा पाजला, गाऊन घेतलं, पाचशे रुपये दिले आणि कागदावर अंगठा घेतला. कागद कुठला? मुंबईवाल्यांचाच. टायपिंगवाल्याला म्हटलं होतं, फक्त नावं बदल.

त्यांची कॅसेट आमच्याकडं सर्वांत जास्त खपली.

पुढं सीडी आली, मग मोबाइलच्या दुकानात वीस रुपयांत मेमरी कार्ड भरून मिळू लागलं. आमची खोली बंद झाली. डेक भंगारात गेले. मूळ कॅसेटी तेवढ्या एका पत्र्याच्या पेटीत राहिल्या.

गेल्या मोहरमात एमआयडीसीत पाळी करणारा एक पोरगा घरी आला. फोन पुढं धरला. कुणीतरी ती कॅसेट यूट्यूबवर टाकलेली. "भाईजान, ये मेरे नाना हैं ना?" पैशाचं काही बोलला नाही. आणखी गाणी आहेत का, एवढंच विचारलं. नाना जाऊन बरीच वर्षं झाली, अम्मीला ऐकायची आहेत म्हणाला.

पेटी उघडली. टेपवर पांढरी बुरशी. स्क्रू काढून, पेन्सिलीनं रीळ फिरवत, हलक्या हातानं पुसत दोन रविवार गेले. मागून आणलेल्या डेकवर ती एकदाच सलग चालली. बाहेर न काढलेली दोन गाणी निघाली. त्या दोन गाण्यांच्या मध्ये टेप चालूच राहिलेली. कपबशीचा आवाज. मग बाबांचा खोकला, आणि, "इसमें लिख्या क्या है रे?" मागून आमचा आवाज, तरुण, घाईतला : "कुछ नहीं बाबा, कायदे का है. अंगूठा लगाओ."

मामेभाऊ म्हणाला, तेवढं कापून टाकू. त्याचं अगदीच चूक होतं असं नाही. त्या बाईला गाणी हवी होती. रात्रभर आमच्यात वाद झाला. शेवटी कापलं नाही.

तिनं फोन कानाला लावून ऐकलं. त्या जागी आम्ही जमिनीकडं बघत बसलो. ती हसली. "अब्बा हरेक को ऐसाच पूछते थे," म्हणाली आणि पुढचं गाणं ऐकू लागली.

2012 साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. रेकॉर्डिंगचा धंद्यासाठी वापर झाला, तर गाणाऱ्याला रॉयल्टीचा हक्क तिनं दिला. आम्ही हे वाचलं होतं, आणि मुंबईच्या कंपनीला उद्देशून मोठ्यानं बोललोही होतो. आता मराठीत नवा कागद केला. पुढं जे येईल त्यातलं निम्मं तिचं. पोरानं तो तिला दोनदा वाचून दाखवला; तिनं सावकाश, अक्षर अक्षर जोडत सही केली. मागच्या वर्षांचं काय, ते ठरायचं आहे. किती कॅसेटी विकल्या त्याच्या वह्या वाळवीनं खाल्ल्यात, आणि आम्हा तिघांना तीन वेगळे आकडे आठवतात.