पानांवरचे हिम
काश्मिरातील शोपियानच्या सफरचंदबागांचा विचार आज मनातून हलला नाही. पौष-माघातले हिम त्या भूमीला वरदानच, कारण तेव्हा वृक्ष निष्पर्ण असतात. परंतु नोव्हेंबर 2018 मध्ये आणि पुन्हा 2019 मध्ये, झाडांवर पाने आणि क्वचित फळेही असताना, जे ओले, जड हिम कोसळले, त्याच्या भाराने फांद्या बेचक्यातूनच चिरल्या आणि आतले पांढरे लाकूड उघडे पडले. त्यात महामार्ग बंद, पेट्यांनी भरलेल्या मालमोटारी वाटेतच खोळंबलेल्या. वाशीच्या बाजारात आवक घटली की आपण फक्त भाव विचारतो! वर्षानुवर्षे जोपासलेल्या झाडाची नुकसानभरपाई एका हंगामाच्या पिकावरून ठरवणे हा रयतेवर अन्याय होय. पंचनाम्यात झाडाचे वयही नोंदले जावे.