उत्प्रेरकाचं वाळवण

‘ॲल्युमिनावर पॅलेडियम’ एवढ्या नावावरून उत्प्रेरक ओळखू पाहणं म्हणजे ‘रवा आणि साखर’ ऐकून शिरा की लाडू ते ठरवणं. निवडक हायड्रोजनीकरणात घटकांइतकीच, पुष्कळदा जास्तच, कृती बोलते. पानिपतला आहे तशा, नॅफ्था तोडून इथिलीन बनवणाऱ्या कुठल्याही क्रॅकरमध्ये इथिलीनसोबत थोडं ॲसिटिलीन येतंच. पॉलिथिनच्या उत्प्रेरकाला ते विष, म्हणून दहा लाखांत काही भाग इतकं खाली आणावं लागतं. हायड्रोजनने त्याचं इथिलीन झालं तर कमाई. तोच हायड्रोजन पुढे इथिलीनचं इथेन करून बसला तर हातचंही गेलं.

कुणी म्हणेल, ॲसिटिलीन पॅलेडियमला इथिलीनपेक्षा घट्ट चिकटतं. निवड धातूच्या स्वभावातच आहे, कृतीला श्रेय कशाला? खरं आहे, पण ॲसिटिलीन हजर असेपर्यंतच. उत्प्रेरकाच्या गोळीतल्या खोल छिद्रांत पोचेपर्यंत ते संपतं आणि मोकळ्या धातूवर इथिलीनची वर्णी लागते. म्हणून ०.१ टक्क्याहूनही कमी असलेलं पॅलेडियम अंड्याच्या कवचासारखं बाहेरच्या पातळ थरात बसवतात. ते तिथे बसतं द्रावणाची आम्लता, भिजवण्याचा वेळ आणि वाळवण्याचा वेग सांभाळल्यामुळे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अभिक्रिया सुरू झाली की धातूत कार्बन शिरतो, वर काजळी धरते, मग कृतीची खूण उरते कुठे? कणाच्या आकारात. मोठे कण हायड्रोजन पोटात साठवतात आणि नको तिथे पुरवतात. अगदी बारीक कणांना ते फारसं जमत नाही. तरी बारीक तेवढं उत्तम असंही नाही, कारण ते ॲसिटिलीनला इतकं धरून ठेवतात की काम मंदावतं. हा तोल उत्प्रेरक भाजतानाच्या भट्टीच्या तापमानावर ठरतो.

सर्वांत दुर्लक्षित राहतं ते वाळवण. पाणी उडताना भिंतीला लोणा येतो, तसाच ॲल्युमिनाच्या आधाराला पक्का न बांधलेला पॅलेडियमचा क्षार छिद्रांतून पृष्ठभागाकडे ओढला जातो. ‘उघड्यावर वाळवले’ हे शब्द प्रबंधात निरुपद्रवी दिसतात. पण चंडीगडची मे महिन्यातली रखरखीत हवा आणि जुलैमधली दमट हवा म्हणजे दोन वेगळ्या कृती. पापड घालणाऱ्या घराला हे सांगावं लागत नाही. प्रयोगवहीत मात्र धातूचं वजन चार दशांश स्थळांपर्यंत असतं आणि आर्द्रतेचा रकाना कोरा. त्या वहीवरून पुन्हा केलेला उत्प्रेरक नावापुरताच तोच असतो.