अमोनियाची साक्ष

कविता राऊतनं 2010च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं ब्राँझ आणलं, तेव्हा मी नाशिकच्याच एका शाळेत होते. पीटीच्या सरांना नवीन वाक्य मिळालं: "कविताच्या गावची ना तू? अंगचोर कुठली!" धावायला लागलं की मिनिटभरात मांड्या आवळून यायच्या. थांबून सावकाश चालत राहिलं, की सात-आठ मिनिटांनी आपोआप मोकळ्या व्हायच्या. त्यामुळे तर मी नाटकीच ठरले.

कॉलेजात मैत्रिणींशी पैज लावून पांडवलेण्याच्या पायऱ्या पळत चढले. रात्री लघवी कोलासारखी काळपट. रक्तातलं सीके, म्हणजे स्नायूंच्या इजेची खूण, हजारांत गेलेलं. स्नायू फुटून त्यांतलं द्रव्य मूत्रपिंडात उतरलं होतं. सलाइनवर निभावलं, आणि पुढे मेंदूविकारतज्ज्ञांनी हाताची व्यायामचाचणी सांगितली.

चाचणी दिसायला अगदीच साधी. कोपराच्या लवणीत सुई, आधी स्वस्थ बसून रक्त, मग पकड मोजायचं यंत्र मिनिटभर जीव खाऊन दाबायचं, पुन्हा थोड्याथोड्या वेळानं रक्त. पूर्वी दंडाला पट्टा आवळून रक्तपुरवठाच तोडत. स्नायूला इजा होते म्हणून ते आता टाळतात. 1951 साली लंडनच्या ब्रायन मॅकआर्डल यांनी एका रुग्णात हेच पाहिलं होतं: व्यायामानंतर रक्तात लॅक्टेट वाढायला हवं, ते वाढतच नव्हतं. स्नायूतली साठवलेली साखर मोडतच नव्हती.

माझंही लॅक्टेट जागचं हललं नाही. आईनं घाबरत विचारलं, "डॉक्टर, हिनं नीट दाबलं नसेल का?" त्यांनी दुसरा आकडा दाखवला. अमोनिया भरमसाट वाढला होता. जोर लावलाच नसता, तर तोही वाढला नसता. आई गप्प झाली. मला मात्र तो कागद सरांकडे पोचवावासा वाटला.

जनुकचाचणीत त्यांच्याच नावाचा मॅकआर्डल आजार निघाला. सायकलवरही तपासलं: जोर तोच, पण आठव्या मिनिटाच्या आसपास नाडी चक्क उतरली. तोवर रक्तातली साखर आणि चरबी स्नायूंना मिळू लागते. माझ्या शाळेतल्या 'नाटका'चं कारण हेच.

आता फिरायला निघताना पहिली दहा मिनिटं रमतगमत. गॅसचा सिलिंडर उचलायचा नाही, रिक्षामागे धावायचं नाही. आजार आई-वडील दोघांकडून येतो, सख्ख्या भावंडाला असण्याची शक्यता चारात एक. भावाचा रिपोर्ट व्यवस्थित आला. तेव्हापासून सिलिंडर त्याच्याकडे, आणि तो रिपोर्ट पुन्हा तपासून घेऊ म्हणतो.