एक घर, अनेक पाट्या

नावाचा आपल्याला भारी सोस. मूल बारा दिवसांचे झाले की त्याला पाळण्यात घालायचे, आत्याने कानात कुर्र करायचे आणि त्या बिचाऱ्याला जन्मभरासाठी एका नावाला बांधून टाकायचे. पुढे सत्तर-ऐंशी वर्षे त्याने त्याच नावाने रागवावे, प्रेम करावे, कर्ज काढावे आणि शेवटी वर्तमानपत्रातल्या काळ्या चौकटीत त्याच नावाने छापून यावे! एवढ्या लांबलचक आयुष्याला एकच नाव म्हणजे बारा महिने एकाच सदऱ्यावर काढण्यासारखे आहे, असे मला कित्येकदा वाटते.

आपल्या लेखकांनी यातून वाट काढली होती. गडकरी नाटके लिहीत ती स्वतःच्या नावाने, कविता करीत ती गोविंदाग्रज होऊन, आणि हसवायला बसले की ते बाळकराम होत. खानोलकरांनी कादंबऱ्या स्वतःकडे ठेवल्या आणि कविता आरती प्रभूंच्या स्वाधीन केल्या. लता मंगेशकरांनी १९६५ च्या ‘साधी माणसं’ला संगीत दिले ते ‘आनंदघन’ या नावाने. म्हणजे टोपणनावाचे आपल्याला नवल नाही. तरीसुद्धा रिचर्ड जेम्स या गृहस्थाची नावे मोजायला बसलो, तेव्हा माझ्या हाताची बोटे अपुरी पडू लागली.

हा रिचर्ड डेव्हिड जेम्स १८ ऑगस्ट १९७१ रोजी आयर्लंडमधल्या लिमरिक येथे जन्मला आणि इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉल या खाणींच्या आणि समुद्राच्या मुलखात वाढला. त्याचे संगीत विजेवरचे. त्यात गवई नाही, साथीदार नाहीत. एका खोलीत एकटा मनुष्य, समोर सिंथेसायझर, ताल धरणारी यंत्रे आणि वायरींचे जंजाळ. वीज थरथरते आणि तिचा स्वर होतो. यंत्र आहे तसे वापरणे या मनुष्याला कधी जमले नाही. ते उघडून त्याच्या आतड्यांत हात घालण्याची त्याला लहानपणापासून खोड.

१९९१ मध्ये एका मित्राच्या भागीदारीत त्याने ‘रेफ्लेक्स’ नावाची स्वतःची ध्वनिमुद्रण कंपनी काढली. पुढच्याच वर्षी एका बेल्जियन कंपनीच्या शाखेकडून त्याचा पहिला मोठा संग्रह निघाला, ‘सिलेक्टेड अँबियंट वर्क्स ८५-९२’. शीर्षकावर विश्वास ठेवायचा तर त्यातल्या काही रचना चौदा वर्षांच्या पोराच्या आहेत! त्यावर नाव होते ‘ॲफेक्स ट्विन’. १९९३ मध्ये शेफील्डच्या ‘वॉर्प’ कंपनीकडून पुढचा संग्रह आला, तर त्यावर ‘पॉलिगॉन विंडो’. शिवाय ‘एएफएक्स’, ‘कॉस्टिक विंडो’, ‘पॉवर-पिल’, ‘ब्रॅडली स्ट्रायडर’, ‘जीएके’... घर एकच, पण दारावर पाट्या किती! पोस्टमनने कुठली कडी वाजवावी?

हा नुसता खोडकरपणा असेल असे मला वाटत नाही. नाव एकदा गाजले की ऐकणाऱ्याचे कान निम्मे मिटतात. तो संगीत ऐकत नाही, नाव ऐकतो. ‘त्यांचे म्हणजे चांगलेच असणार’ किंवा ‘आता त्यांच्यात पूर्वीची मजा नाही’, यांपैकी एक निकाल तबकडी फिरण्याआधीच लागलेला असतो. नव्या नावाला ना कौतुकाचे ओझे, ना अपेक्षेचे. गाजलेल्या कलावंताला पुन्हा एकदा नवखा होता येणे, ही केवढी चैन!

पण गंमत अशी की, ही चैन फार दिवस टिकत नाही. २००७ मध्ये रेफ्लेक्सने ‘द टस’ या नावाने काही संगीत प्रसिद्ध केले आणि ते ब्रायन आणि कॅरन ट्रेगास्किन या दोघांचे आहे असे सांगितले. जाणकार श्रोत्यांनी कान टवकारले. त्यांना त्यात ‘यामाहा जीएक्स-१’ या अत्यंत दुर्मिळ, अवाढव्य वाद्याचा आवाज ऐकू आला, आणि ते कुणाच्या घरी आहे हे त्यांना ठाऊक होते. अंधारात नुसत्या खाकरण्यावरून आपण घरच्या माणसाला ओळखतो, तसाच हा प्रकार. अखेर २०१४ मध्ये या गृहस्थाने ‘तो मीच’ म्हणून कबूल केले. त्याच वर्षी त्याचा ‘सायरो’ निघाला आणि २०१५ मध्ये त्याला ग्रॅमी पारितोषिक मिळाले.

मग यातले खरे नाव कोणते? ‘रिचर्ड जेम्स’, असे आपण चटकन म्हणू. पण १९९६ च्या त्याच्या एका तबकडीच्या वेष्टनावर एका थडग्याचा फोटो आहे, आणि थडग्यावर नाव कोरले आहे ते रिचर्ड जेम्स हेच! त्याच्या आधी, १९६८ मध्ये, त्याच्या आईवडिलांना एक मुलगा झाला होता. तो जन्मतःच गेला. त्याचे नाव पुढे या मुलाला मिळाले. हा फोटो पाहिल्यापासून त्याच्या सोंगांकडे मला हसून बघवत नाही. ज्याला खरे नाव म्हणावे तेच आधी दुसऱ्याचे होते. अशा माणसाला नाव ही अंगावरची कातडी न वाटता खुंटीवरचा सदरा वाटला, तर नवल कसले? २०१५ च्या सुरुवातीला त्याने शंभराहून अधिक जुन्या रचना इंटरनेटवर फुकट ठेवल्या, तेव्हा नावाच्या जागी होता एक निरर्थक आकडा. पुढे आकडा बदलला. नवा आकडा होता १८०८१९७१, म्हणजे त्याची जन्मतारीख. नाव उसने असेल, पण जन्मदिवस तरी स्वतःचा!

या नावांच्या खेळात आपल्या मुंबईचा एक मनुष्य मात्र विनाकारण सापडला. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे वादक. १९८२ मध्ये त्यांनी जपानी रोलँड यंत्रांवर भैरव, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. तबकडी आली आणि विसरली गेली. पुढे १९८७ मध्ये शिकागोत त्याच यंत्रावर ‘ॲसिड हाऊस’ म्हणून नवे संगीत उभे राहिले. २०१० मध्ये ही जुनी तबकडी पुन्हा निघाली, तेव्हा पाश्चात्त्य श्रोते थक्क झाले. मुंबईत कुणी पाच वर्षे आधीच हे करून ठेवले? शक्यच नाही! हे कुणीतरी रचलेले सोंग असणार. आणि त्या संशयात ॲफेक्स ट्विनचेही नाव निघाले.

मला हे फार लागले. गाण्याच्या तबकडीवर गायकाचे नाव असते, संगीतकाराचे असते. वाद्यवृंदातल्या वादकाला तिथे सहसा जागा नसते. अशा माणसाचे नाव एकदा स्वतःच्या तबकडीवर ठळक अक्षरांत छापून आले, आणि अठ्ठावीस वर्षांनी लोक म्हणाले, हा माणूसच नसावा! एकाला नावे टाकून द्यायची मुभा, कारण त्याच्याकडे ती भरपूर. दुसऱ्याला एकुलते एक नाव, आणि तेही खोटे ठरू पाहणारे. सुदैवाने सिंग मुंबईतच होते. सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी परदेशी जाऊन तेच राग त्याच तऱ्हेच्या यंत्रांवर वाजवून दाखवले. २०१५ च्या जुलैमध्ये ते गेले.

फराळाची ताटे बाजूला झाल्यावर घरातल्या तरुण मंडळींना ही दोन्ही संगीते लावायला सांगा. पहिले ऐकताना नाव विचारू नका. करणाऱ्याचीच तशी इच्छा आहे. दुसरे लागले, की नाव तेवढे मोठ्याने घ्या.