मामाची नवी स्की आणि वयाचा रकाना

स्की घेताना आधी कंबर बघायची, रंग नंतर, असं माझा मामा सांगतो. स्कीला कंबर असते हेच मला नवीन होतं. पुढचं टोक रुंद, शेपूट रुंद आणि बुटाखालचा भाग बारीक, ती तिची कंबर. कार्व्हिंग स्कीची कंबर साधारण 65 ते 75 मिलिमीटर असते, म्हणजे तुमच्या हातातल्या मोबाइलच्या रुंदीएवढी! तेवढ्याशा पट्टीवर उभं राहून माणसं घट्ट बर्फाच्या उतारावरून गाडीच्या वेगाने खाली येतात.

मामा डोंबिवलीत वाढला. नोकरीसाठी म्युनिकला गेला आणि तिशीत पहिल्यांदा स्कीवर उभा राहिला. आता तो 53 वर्षांचा आहे आणि खरोखर उत्तम स्कीइंग करतो. पण तीन वर्षांपूर्वी त्याच्या डाव्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. ऑपरेशन झालं, नऊ महिने फिजिओथेरपी चालली. गेल्या शरद ऋतूत त्याने नवी जोडी घ्यायची ठरवली, तेव्हा मामी एवढंच म्हणाली, "स्की घे, पण ते नऊ महिने मला परत नकोत."

नेमकं तेव्हाच माझ्याकडे एका परदेशी दुकानासाठी स्कीची वर्णनं लिहायचं काम आलं होतं. मग रोज रात्री व्हिडिओ कॉल. जवळजवळ प्रत्येक मॉडेलखाली 'एक्स्पर्टसाठी' असं लिहिलेलं. मी विचारलं, "मामा, तू एक्स्पर्ट आहेस ना? मग यातली कुठलीही चालेल की!"

तो हसला. "अगं, एक्स्पर्ट म्हणजे रोज सराव करणारा पंचविशीतला मुलगाही आणि वर्षातून बारा दिवस जाणारा मीही. स्कीला दोघांतला फरक बरोबर कळतो."

मग त्याने मला वळण समजावलं. जुन्या स्की जवळजवळ सरळ आणि दोन मीटरपेक्षाही लांब असायच्या. स्लोव्हेनियातल्या एलान कंपनीने 1993 मध्ये एससीएक्स नावाची खोल कंबरेची स्की आणली आणि पुढच्या काही वर्षांत सगळा बाजार तिकडे वळला. अशी स्की कडेवर कलवून दाबली की धनुष्यासारखी वाकते आणि तिची पोलादी कड बर्फात स्वतःची वाट कापत वळते. घसरत वळलं तर मागे फराटा उमटतो. कार्व्हिंग नीट जमलं तर फक्त दोन बारीक रेषा, रुळांसारख्या.

महागड्या स्कीमध्ये लाकडी गाभ्याच्या वर-खाली टायटॅनल या अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे पत्रे असतात. त्यामुळे कडक बर्फावर वेगात स्की थरथरत नाही. पण तीच स्की हळू चालवली तर वाकतच नाही, पायाला फळी बांधल्यासारखी वाटते. आणि वेगात असताना थकून वजन मागे गेलं, तर शेपटाची कड वळण सोडत नाही. स्की तिच्या वाटेने जाते, शरीर दुसरीकडे, आणि मध्ये सापडतो गुडघा. कॅटलॉगमध्ये या गुणाला 'अचूक पकड' म्हणतात. मीही तसंच लिहिलं होतं. मामाशी बोलल्यावर मी त्यापुढे 'मजबूत पाय आणि सतत वेग हवा' हे जोडलं आणि ते तसंच राहू द्या म्हणून ऑफिसात भांडले.

मामासमोर दोन पर्याय होते. एक स्लॅलम शर्यतीच्या घराण्यातली, 165 सेंटिमीटर लांब, 13 मीटर त्रिज्येची. दुसरी तिच्याहून मऊ, कंबर 72, त्रिज्या 15 मीटर. डिसेंबरमध्ये गार्मिश-पार्टेनकिर्शेनला त्याने दोन्ही भाड्याने घेऊन पाहिल्या. सकाळी, मशीनने उतार नुकताच सारखा केलेला असताना, पहिली त्याला फार आवडली. दुपारी बर्फाचे उंचवटे झाले आणि मांड्या भरून आल्या, तेव्हा तिने त्याला दोनदा ओढून नेलं. त्याने दुसरी घेतली.

दुकानातल्या मुलाने बाइंडिंग, म्हणजे बूट धरून ठेवणारी आणि पडल्यावर सोडणारी यंत्रणा, लावताना फॉर्म भरायला दिला. वजन, उंची, बुटाच्या तळाची लांबी, कसं स्कीइंग करता आणि वय. पन्नाशी ओलांडली की तक्त्यात एक ओळ वर सरकतात, म्हणजे बूट थोड्या कमी जोरात सुटतो. मामाला ते लागलं. "पाय माझे, आणि ठरवणार तक्ता!" असं तो फोनवर दोनदा म्हणाला. मी त्याला बरं वाटेल असं काहीच बोलले नाही, कारण बाइंडिंग हाड वाचवायला चांगलं असलं तरी लिगामेंटची खात्री देत नाही, हे मला त्यानेच शिकवलं होतं.

तुमच्यापैकी कुणी गुलमर्गला जाणार असेल, तर असली स्की शोधू नका. तिथलं वैभव म्हणजे खोल, भुसभुशीत बर्फ, आणि त्यात बारीक कंबरेची स्की बुडते. तिथे रुंद स्की हवी. पण काश्मीरच्याच आरिफ खानने 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये जायंट स्लॅलममध्ये 45 वा क्रमांक मिळवला, तो मात्र अशा कडांवरच.

मामा आता सकाळी साडेआठला पहिल्या लिफ्टने वर जातो. बाराला थांबायचं, असं मामीशी ठरलंय. सव्वाबारापर्यंत तो कॅफेत दिसला नाही, तर ती फोन करते. परवा तिने मला एक फोटो पाठवला. उतारावर दोन स्वच्छ रेषा, आणि खाली तिने लिहिलं होतं, "११:४०. अजून वीस मिनिटं."